गल्लीची बातमी सांगणार कोण?



चोवीस तास बातम्या म्हटले की दिल्लीचा आरडाओरडाच आठवतो. न्यूयॉर्कमध्ये टाइम वॉर्नर या केबल कंपनीने 8 सप्टेंबर 1992 रोजी ‘एनवाय वन’ ही वृत्तवाहिनी सुरू केली, ती त्या एका शहरापुरती. तिचा वार्ताहर स्वतःच कॅमेरा घेऊन एकटा हिंडे. शाळा, भुयारी रेल्वे, पालिका हेच त्याचे क्षेत्र. दर दहा मिनिटांनी हवामान.

आपल्या नगरांतही केबलवर स्थानिक बातम्या लागतात. परंतु ज्याची केबल त्याची बातमी. आणि केबलवाला पुष्कळदा पुढाऱ्यांच्या गोटातला! नळाला चार दिवस पाणी नाही, हे मग सांगणार कोण? आपल्या सुशिक्षित तरुणांनी हे समाजकार्य अंगावर घ्यावे. आरंभी प्रभागातील पाणीपुरवठ्याचे साप्ताहिक वृत्त दिले तरी पुष्कळ झाले.