मेंढपाळाचा विसावा

(जत येथे ज्युबिली समारंभाच्या प्रसंगी धर्मगुरूंनी केलेले भाषण)



ज्युबिलीच्या दिवशी धर्मगुरूने झालेल्या कार्याचा हिशेब द्यावा, अशी रीत आहे. बाप्तिस्मे किती झाले, विवाह किती लागले, मंदिराचे काम कोणाच्या हातून कसे पुरे झाले, हे सर्व या स्मरणिकेत इतरत्र आलेच आहे. आम्ही आज आपणापुढे काहीसा निराळा विषय ठेवणार आहोत. तो विषय म्हणजे काम थांबविण्याचा. धर्मगुरूने विश्रांती घेणे हे त्याच्या कर्तव्यात मोडते, व ती त्यास घेऊ देणे हे कळपाच्या कर्तव्यात मोडते, इतकेच आमचे सांगणे आहे.

ज्युबिली हा शब्द आपण केवळ आनंदोत्सव या अर्थी योजतो. परंतु लेवीय ग्रंथाचा पंचविसावा अध्याय उघडून पाहावा. सहा वर्षे शेत पेरावे व सातव्या वर्षी भूमीस विसावा द्यावा, अशी आज्ञा तेथे देवाने इस्राएल लोकांस केली आहे. अशी सात आवर्तने झाल्यावर येणारे पन्नासावे वर्ष पवित्र मानावे. त्या वर्षी पेरणी करू नये, दासांस मुक्त करावे आणि गेलेली वतने मूळ घराण्यांस परत द्यावी, असेही तेथे सांगितले आहे. म्हणजे विसाव्यावाचून ज्युबिलीच नव्हे.

आपल्या जत तालुक्यातील शेतकऱ्यास हे तत्त्व कोणी शिकविण्याची गरज नाही. ज्येष्ठ पौर्णिमेस या सीमाभागात कर्नाटकी बेंदूर होतो. खांदेमळणी करून बैलाच्या खांद्यास हळद व तूप चोळतात, आणि सणाच्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. पाऊस तोंडावर आलेला असतो व कामाची घाई असते. तरीही जू ठेवीत नाहीत. निर्गम ग्रंथात शब्बाथाची आज्ञा देतानाही देवाने बैलाचा व गाढवाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. देवाने मुक्या जनावरास जे नाकारले नाही, ते त्याच्या सेवकाने स्वतःस नाकारावे, हे भक्तीचे लक्षण आहे काय?

पुष्कळ वर्षे आम्हांस ते भक्तीचेच लक्षण वाटत होते. यासंबंधी आमच्या आयुष्यातील एक गोष्ट आज आपणापुढे सांगणे आम्हांस प्राप्त आहे.

येथे येण्यापूर्वीची ही हकीकत आहे. त्या काळी आम्ही वार्षिक ध्यानसाधनेस लागोपाठ तीन वर्षे गेलो नव्हतो. रजा तर ठाऊकच नव्हती. वस्त्या दूरदूर, माणसे गरीब, आणि आपण गेलो तर येथे कोण पाहील, असे आम्ही म्हणत असू. व असे म्हणताना मनातून थोडा अभिमानही वाटत असे. एके रात्री एका वस्तीवरून एक तरुण शेतकरी आला. वडील फार आजारी आहेत, फादरांनी यावे, एवढेच तो म्हणाला. आम्ही दिवसभर फिरून नुकतेच परतलो होतो. पाय उचलत नव्हते. आम्ही त्यास म्हणालो, "उद्या सकाळीच येतो." तो काही न बोलता परत गेला.

सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा वृद्ध गृहस्थ पहाटेच देवाघरी गेले होते. पापनिवेदन नाही, रुग्णाभ्यंग नाही, अखेरचे पवित्र पाथेय नाही. त्या मुलाने आम्हांस दोष दिला असता, तर ते सोसणे सोपे गेले असते. त्याने घरातून तांब्या आणला आणि म्हणाला, "लई दमलायसा फादर. बसा, पाणी घ्या." ते पाणी आम्ही प्यालो. ते आजही आमच्या घशाखाली पुरते उतरलेले नाही.

यावर कोणी म्हणेल की, त्या रात्री विश्रांती घेतली म्हणूनच तर हे घडले. नाही. वेळेवर न घेतलेली विश्रांती अवेळी आपला वाटा वसूल करते. तीन वर्षे जे शरीराला व आत्म्याला द्यावयाचे होते, ते आम्ही दिले नाही. म्हणून ज्या एका रात्री आम्ही खचित उठावयास हवे होते, त्याच रात्री उठण्याची शक्ती राहिली नाही. आपल्याकडील विहिरी काळ्या पाषाणातल्या, त्यांचे झरे बारीक. शहाणा शेतकरी काही वेळ पाणी उपसतो, मग मोटार बंद करून झरा भरू देतो. जो लोभाने थांबतच नाही, त्याच्या पाटास प्रथम गाळ येतो व शेवटी मोटार जळते. धर्मगुरूच्या बोलण्यात गाळ येऊ लागला, म्हणजे प्रवचन कोरडे, उत्तर तुटक, आणि प्रार्थना केवळ ओठांवरची होऊ लागली, म्हणजे झरा आटला असे समजावे.

आता शुभवर्तमानाकडे वळू. संत मार्क सहाव्या अध्यायात सांगतो की, प्रेषित आपल्या कामगिरीवरून परतले तेव्हा लोकांची ये-जा इतकी होती की, त्यांस जेवावयासही सवड मिळेना. तेव्हा प्रभूने त्यांस एकांतात जाऊन थोडा विसावा घेण्यास सांगितले. पुढे लोकसमुदाय त्यांच्या आधीच तेथे जाऊन पोहोचला, आणि प्रभूस त्यांचा कळवळा आला, हे आपण जाणताच. परंतु त्यापुढचे आपण विसरतो. लोकांस जेवू घातल्यावर प्रभूने शिष्यांस मचव्यात बसवून पुढे लाविले, समुदायास निरोप दिला, आणि स्वतः प्रार्थनेसाठी डोंगरावर गेला. प्रीतीसाठी विसावा पुढे ढकलता येतो. तो रद्द करिता येत नाही. एलिया संदेष्टा रानात मरण मागत निजला, तेव्हाही देवदूताने त्यास उपदेश केला नाही; दोन वेळा भाकर व पाणी दिले. होरेब पर्वत त्यानंतरचा.

संतांनी तर देह झिजविले, असा आक्षेप येईल. खरे आहे. संत फ्रान्सिस झेवियर यांनी 1544 साली कोचीनहून लिहिले की, बाप्तिस्मा देता देता त्यांचे हात थकून जात. परंतु त्याच संतांनी आपल्या रात्रींचा मोठा भाग प्रार्थनेच्या एकांतास दिला होता. आर्सचे संत जॉन व्हियानी 1843 साली मोठ्या आजारातून उठल्यावर भावाच्या गावी निघून गेले, तर लोक त्यांच्या मागोमाग तेथेही गेले, आणि अल्पकाळातच त्यांस परतावे लागले. त्या लोकांची श्रद्धा मोठी होती, यात शंका नाही. परंतु थकलेल्या मेंढपाळास चार दिवस मोकळे सोडण्याइतकी दया तिच्यात असती, तर ती अधिक सुंदर दिसली असती.

पवित्र ख्रिस्तसभेने हा प्रश्न एकेकट्याच्या लहरीवर सोडलेला नाही. 1917 च्या धर्मविधिसंहितेने धर्मगुरूंस निदान तीन वर्षांतून एकदा ध्यानसाधना करण्यास सांगितले. अकरावे पायस यांनी 1929 साली ध्यानसाधनेवर स्वतंत्र परिपत्रक काढले. त्याच वर्षी त्यांनी संत व्हियानी यांस धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते नेमले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली धर्मगुरूंस दरवर्षी पुरेशी रजा मिळावी, व ती मिळते की नाही हे महागुरूंनी पाहावे, असे म्हटले. 1983 च्या संहितेने ग्रामधर्मगुरूस वर्षाकाठी एक महिन्यापर्यंत रजा दिली आहे, आणि ध्यानसाधनेचे दिवस त्या महिन्यात धरावयाचे नाहीत, असेही सांगितले आहे. शरीराचा विसावा एक व आत्म्याचा दुसरा, हा भेद यात स्पष्ट दिसतो. केवळ झोप काढून आत्मा ताजा होत नाही, आणि केवळ ध्यान करून पाठीचा कणा सरळ होत नाही.

यास्तव या ज्युबिलीनिमित्त आम्ही आपणाशी एक करार करू इच्छितो. आम्ही दरवर्षी ध्यानसाधनेस जाऊ, आठवड्यातील एक दिवस वाचन, प्रार्थना व विसावा यांस देऊ, आणि आसन्नमरण माणसासाठी आमचे दार कोणत्याही रात्री, कोणत्याही प्रहरी उघडे ठेवू. आपण आपल्या बाजूने असे करावे की, आजाऱ्यांची वर्दी अखेरच्या घटकेपर्यंत थांबवून ठेवू नये. आम्ही नसू त्या रविवारी धर्मशिक्षक व वडीलधाऱ्यांनी शुभवर्तमान वाचून प्रार्थना चालवावी, मंदिराचे दार बंद राहू देऊ नये. आणि फादर कोठे गेले, असे कोणी विचारल्यास लाजत उत्तर देऊ नये. याच न्यायाने आपल्या घरातील मातेकडेही पाहावे. पहाटे पाण्यापासून रात्री चुलीपर्यंत तिला बेंदूर कोणता, याचा घरच्या पुरुषांनी विचार करावा.

आपल्या माडग्याळच्या मेंढ्यांची कीर्ती दूरवर आहे. त्या राखणारा धनगर दुपारी ऊन चढले की कळप झाडाखाली बसवितो व स्वतःही काठी टेकून बसतो. त्या वेळी तो कळप टाकून गेलेला नसतो. सायंकाळपर्यंत चालावयाचे असते, म्हणून तो बसलेला असतो. उत्तम मेंढपाळ जो प्रभू येशू ख्रिस्त, तो आपणांस व आम्हांस असा विसावा देवो, आणि त्यातून उठून पुन्हा चालण्याचे बळ देवो. आमेन.