नऊ धावा



मी जालन्याच्या रोलिंग मिलच्या कामगारांत वावरणारा माणूस. क्रिकेट मी मैदानापेक्षा वाचनालयातच अधिक पाहिले. तरी भाऊसाहेब निंबाळकरांची हकिगत आज आपल्यापुढे मांडल्यावाचून राहवत नाही.

1948 चा डिसेंबर. पुण्यात रणजी करंडकाचा सामना, महाराष्ट्राची गाठ काठेवाडशी. मध्यंतराला निंबाळकर नाबाद 443. ब्रॅडमनचा 452 चा जागतिक उच्चांक नऊ धावांवर आलेला. तीन चौकारांचे काम! पण आपल्याविरुद्ध असला विक्रम नको, म्हणून काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी सामनाच सोडून दिला, असे सांगतात. 1959 साली कराचीत हनीफ महंमद 499 वर धावबाद झाला. त्याला निदान स्वतःवर चिडता आले. निंबाळकरांनी चिडावे कोणावर?

हे दुखणे मला ठाऊक आहे. एका कारखान्यात सात महिने वाटाघाटी करून करार शेवटच्या कलमापर्यंत आणला, आणि मालकपक्ष उठून गेला. पुढे कित्येक रात्री मी त्या कलमाचे शब्द मनात फिरवीत बसे, जणू चूक माझीच!

निंबाळकर मात्र 1964-65 पर्यंत खेळत राहिले, रेल्वेकडूनही. अधिकृत कसोटी एकही लाभली नाही. 2012 साली ते वारले. रणजीत त्यांच्या 443 च्या पुढे अद्याप कोणी गेलेला नाही.

ही गोष्ट मी पाळी सुटल्यावर पोरांना सांगतो, तेव्हा एकजण हमखास विचारतो, "बाद झालेच नव्हते, मग खेळू का दिले नाही?"