दर्यावर्द्याची वही आणि आपली वही
(शहापूर तालुक्यातल्या कार्यकर्ता शिबिरात केलेलं भाषण)



मला आज प्लॉटच्या मोजणीवर बोलायला सांगितलंय. मी बारावी शिकलेली पोरगी, सर्व्हेअर नाही. पण मोजणीत किती ताकद असते ते एका दर्यावर्द्याच्या गोष्टीतून चांगलं कळतं, म्हणून आधी ती गोष्ट सांगते. दर्यावर्दी म्हणजे जहाज घेऊन समुद्र पालथा घालणारा माणूस.

शाळेच्या पुस्तकात कोलंबस असतो. 1492 साली तो स्पेनच्या राजा-राणीसाठी निघाला आणि त्याने नवीन मुलूख 'शोधला'. तिथं माणसं आधीच राहत होती, तरी शोधला म्हणायचं! पुढं 1494 साली स्पेन आणि पोर्तुगाल या दोन राजांनी करार करून समुद्रावर एक रेघ मारली. रेघेच्या पश्चिमेला सापडेल ते स्पेनचं, पूर्वेला सापडेल ते पोर्तुगालचं. ज्यांची जमीन, त्यांना विचारलं कुणी? कुणीच नाही.

या वाटणीत आपली बाजू पोर्तुगालकडं गेली. 1498 ला वास्को-द-गामा कालिकतला पोचला. 1534 ला गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसईचा मुलूख पोर्तुगीजांना देऊन टाकला, कारण त्याला बादशहा हुमायूनची भीती होती. करार झाला जहाजावर. देणारा सुलतान, घेणारे पोर्तुगीज. जमीन कसणारा त्यात कुठंच नाही. मग तिथली गावं पोर्तुगीज सरदारांना लावून दिली. 1554 साली त्यांच्या सिमाव बोतेल्यू नावाच्या अधिकाऱ्याने मुलखाच्या उत्पन्नाची वहीच केली. वसईकडच्या गावांचा महसूल त्या वहीत चढला.

आता आपला दर्यावर्दी. नाव जुवांव द कास्त्रो. जन्म 1500, लिस्बन शहरातला. घर मोठं, आणि गणित शिकला पेद्रो नुनिश या नावाजलेल्या गणितीकडं. 1538 ला तो गोव्यात आला. त्याच हिवाळ्यात गोव्याहून दीवला निघाला तो आपला सगळा किनारा बघत. बरोबर वही. खाडी कुठं, पाणी किती खोल, भरती किती, खडक कुठं, सगळं लिहिलं. बंदरांची चित्रं काढली. घारापुरीची लेणीसुद्धा त्याने लिहून ठेवली.

डिसेंबर 1538 मध्ये वसईच्या बाजूला असताना त्याच्या होकायंत्राची सुई भलतीकडंच वळली. दुसरा असता तर म्हणाला असता, यंत्र सांगतं तेच खरं. याने तपास केला. जवळचा खडकच सुईला ओढत होता! तेही त्याने लिहून ठेवलं. त्या काळचे विद्वान म्हणायचे की सुई किती ढळते यावरून जहाज पूर्वेला-पश्चिमेला किती आलं ते कळतं. याने जागोजागी मोजलं, जुळलं नाही, आणि जुळत नाही असं लिहिलं.

माणूस हुशार होता, म्हणून त्याला देव करू नका. 1545 ला तो गोव्याचा गव्हर्नर झाला. दीवच्या लढाईनंतर किल्ला बांधायला पैसे नव्हते, तेव्हा त्याने गोव्याच्या नगरपालिकेकडं आपल्या दाढीचे केस तारण पाठवून कर्ज मागितलं. आणि मिळालं! आपल्याला सावकार भांडी ठेवल्याशिवाय दमडी देत नाही. त्याच कास्त्रोच्या आरमाराने किनाऱ्यावरची गावं जाळली. 1548 ला तो गोव्यात मेला. त्याची मोजणी त्याच्या राजाच्या कामाची होती. ज्याच्या हातात वही, त्याच्या बाजूने मोजणी.

आता आपल्या रानात या. आपल्याकडं जीपीएसचं यंत्र येतं. पडद्यावर आकडा येतो आणि आपण मान डोलवतो. पण दाट झाडीखाली, कड्याच्या पोटाला, खोल ओहोळात जीपीएस चुकतं. दर्यावर्द्याची सुई खडकापाशी चुकली तसंच. यंत्र देव नाही. आकडा पटला नाही तर पुन्हा मोजा म्हणायचं, आणि पुन्हा मोजेपर्यंत अंगठा द्यायचा नाही.

वन हक्क कायदा 2006 चा आहे. जागेवर जाऊन पडताळणी करायचं काम गावच्या वन हक्क समितीचं. वनखात्याला कळवायचं, त्यांनी हजर राहायचं, पण दावा मंजूर करायचा ठराव ग्रामसभेचा. पुरावे कमीत कमी दोन पाहिजेत. म्हाताऱ्या माणसाचा जबाब लिहून घेतला तर तो पुरावा. तो म्हातारा दावेदार सोडून दुसरा पाहिजे, एवढं ध्यानात ठेवा. जुना बांध, विहीर, घर, मसणवटा, देवाची जागा, हेही पुरावे. "सॅटेलाईटच्या फोटोत तुझं शेत दिसत नाही" असं कुणी म्हटलं तर सांगा, 2012 च्या सुधारित नियमात लिहिलंय की असा फोटो दुसऱ्या पुराव्याला जोड म्हणून चालेल, त्याच्या जागी चालणार नाही. दावा नाकारला तर कारण लेखी मागा. ग्रामसभेचा निर्णय मान्य नसेल तर 60 दिवसांत उपविभागीय समितीकडं जाता येतं. दिवस मोजायला कागदावरची तारीख बघा.

म्हणून माझं मागणं एवढंच. प्रत्येक पाड्याने एक वही करायची. दोनशे पानी, दुकानात मिळते ती. पाऊस पडायच्या आत सगळ्यांनी शिवेवरून चालायचं, म्हातारी माणसं पुढं, शाळेतली पोरं वही घेऊन मागं. कोणाचा बांध कुठून कुठं, वरकस कुठं, नागली-वरई कुठं होते, ओहोळाचं नाव काय, गावदेव कुठं, सगळं लिहायचं. दोरीने मोजायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं. दोन आकडे वेगळे आले तर दोन्ही लिहायचे, खोडायचं नाही. खाली तारीख, सह्या, अंगठे. बायांचेसुद्धा, कारण कायद्याने पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने होतो.

पाचशे वर्षांमागं आपल्या बाजूची वही दुसऱ्यांनी लिहिली. आता ज्या पाड्याची वही तयार होईल, त्या पाड्याने पुढच्या बैठकीला ती घेऊन यावं. आपण ती सगळ्यांसमोर वाचू.

जिंदाबाद!