अरण्याचे दप्तर



गोंडवनाचा इतिहास म्हटले की चंद्रपूरचा परकोट, बल्लारपूरचा किल्ला आणि मार्कंड्याची मंदिरे डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु ज्या समाजाने दगडापेक्षा अरण्यावर अधिक भरवसा ठेवला, त्याचा इतिहास कंठात आणि कागदात असतो. कंठ थकतो, कागद कुजतो. म्हणूनच विद्यापीठाचे अभिलेखागार ही विद्वानांची चैन नव्हे, समाजाची गरज आहे.

हा कागद आज कोठे आहे? ऑस्ट्रियात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हैदराबाद संस्थानात होते. आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये राहून त्यांनी जे टिपले, त्या नोंदी, छायाचित्रे व चित्रफिती लंडन विद्यापीठाच्या पौर्वात्य व आफ्रिकी अध्ययन संस्थेत जपल्या आहेत. आदिलाबाद व चंद्रपूर यांच्यामध्ये केवळ नद्यांचे पात्र. चार, पाच, सहा, सात देवांची सगा-व्यवस्था दोन्ही तीरांवर तीच! आपल्या आजोबांच्या पिढीचा चेहरा पाहण्यास लंडनचे दालन उघडावे लागते. परक्याने जपले, याबद्दल कृतज्ञता हवीच. आपण काय जपले, हा प्रश्नही हवा.

कागद कोणी लिहिला, यालाही महत्त्व आहे. वीर बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या कारागृहात फाशी झाली. इंग्रजांच्या लेखी ते बंडखोर. लोकस्मृतीत ते वीर. लोकांची बाजू दप्तरात आली नाही, तर उद्याचा अभ्यासक एकाच पक्षाची साक्ष ऐकेल.

आणि हा प्रश्न केवळ अभिमानाचा नाही, पोटाचाही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनी जुनी जमाबंदी, गॅझेटियर, वाजिब-उल-अर्ज यांसारख्या नोंदी पुरावा म्हणून मान्य केल्या. वृद्धांचे लेखनिविष्ट कथनही मान्य केले. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. जनजातीबाहेरील वननिवासींना तर तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. जीर्ण कागदाचे एक पान हरवले, तर एखाद्या कुटुंबाचा आधारच हरवतो.

गडचिरोलीत २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. त्यापूर्वी दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. आता घर आहे, ते भरले पाहिजे. जमीनदारीकाळातील मोडी कागद, ग्रामसभांची इतिवृत्ते, गोंडी व माडिया गीतांचे ध्वनिमुद्रण गावाच्या संमतीने जमा व्हावे आणि त्यांची प्रत गावातही राहावी.

शहरातील सुशिक्षित घरांनीही आपला वाटा उचलावा. दिवाळीच्या आवराआवरीत आजोबांची ट्रंक रद्दीवाल्याकडे जाण्यापूर्वी एकदा उघडावी. मोडी वाचणारा एक तरुण आणि गोंडी जाणणारा एक तरुण शेजारी बसले, की अरण्याचे दप्तर बोलू लागेल.