आमच्या रक्ताचं काय झालं?



आज तुम्ही डॉक्टर झालात आणि माझ्याही अंगावर पदवीदानाचा गाऊन आहे, म्हणून एक चूक कबूल करते. रोह्याच्या रासायनिक कारखान्यांजवळून येणारी कुंडलिका रेवदंड्याला समुद्राला मिळते. तिच्या खाडीकाठच्या एका कोळीवाड्यात मी शिकत असताना एका संशोधनासाठी रक्ताचे नमुने घ्यायला गेले होते. बर्फ कमी पडला, तेव्हा एका मावशींनी आपला मासळीचा थर्माकोलचा डबा घासून दिला. संमतिपत्र चार पानी आणि इंग्रजी. मी ते दोन मिनिटांत मराठीत उरकलं. भराभर अंगठे उठले. नैतिकता समितीच्या दृष्टीने सगळं रीतसर होतं!

नमुने गेले, मीही पुढच्या शिक्षणाला गेले. सहा वर्षांनी रेवदंड्याच्या बाजारात त्याच मावशी भेटल्या. बोंबलांचा वाटा लावता लावता म्हणाल्या, ‘‘डॉक्टरीणबाई, आमचं रगात नेलंत, त्यात काय गावलं?’’ मला सांगता येईना. त्यांनी वाट्यावर दोन बोंबील जास्त टाकले. मला त्याचीच जास्त लाज वाटली.

निकाल अडकतात, अडकवलेही जातात. जपानमध्ये मिनामाताला चिसो कंपनीच्याच रुग्णालयातले डॉ. होसोकावा यांनी 1959 मध्ये कारखान्याचं सांडपाणी मांजराला अन्नातून दिलं. गावातल्या माणसांना झाला होता, तोच आजार मांजराला झाला. कंपनीने ते बाहेर येऊ दिलं नाही. सरकारने आजाराचं कारण मान्य केलं 1968 मध्ये. आपल्याकडे भोपाळच्या वायुपीडितांवरचा आयसीएमआरचा अभ्यास 1994 मध्ये थांबला आणि त्याचा तांत्रिक अहवाल छापून यायला 2004 उजाडलं. तेव्हा पैसे देणाऱ्याला निकाल दडपता येणार नाही, एवढं कलम करारात आधी घाला. मगच सुई उघडा.

पण निकाल सांगणंही सोपं नाही. 7 ऑगस्ट 2010 ला मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजं धडकली. तेल उरण-अलिबागच्या किनाऱ्याला लागलं, मासे खाऊ नका म्हणून सांगितलं गेलं आणि मासळीचा खप बसला. सही एकट्याची असते, बदनामी मात्र अख्ख्या बंदराची होते. म्हणून गावकीत बसा, होड्या परत आल्यावर, संध्याकाळी. निकाल आधी कुणाला, कुठल्या भाषेत सांगायचा, एखाद्या पोराच्या रक्तात शिसं जास्त निघालं तर त्याला कुठे न्यायचं, खर्च कोण करणार, हे तिथेच ठरवा. आयसीएमआरची 2017 ची तत्त्वंही समाजाला विश्वासात घ्या असंच सांगतात. पण गावकीत बसून चहा थंड होईपर्यंत ऐकत राहणं कुठल्या नियमात लिहिता येत नाही.

बाजारातल्या त्या भेटीनंतर मी जुना अहवाल मिळवला, मराठीत दोन पानं केली आणि समाजमंदिरात वाचून दाखवली. यादीतली काही माणसं तोवर गेली होती. मावशी पुढेच बसल्या होत्या. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘ते समजलं. पण खाडीतल्या निवट्या पोरांना घालायच्या का नाय?’’

आम्ही निवट्या तपासल्याच नव्हत्या.