मोकळी नळी

बंगळूर शहराच्या पूर्वेस व्हाइटफील्ड नावाचा भाग आहे. 1882 साली म्हैसूर संस्थानच्या जमिनीवर अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी वसविलेली शेतकऱ्यांची ती एक लहानशी वसाहत होती. आज तेथे संगणक-व्यवसायाच्या उंच कचेऱ्या उभ्या आहेत, आणि कोल्हापूर, सांगली, पुणे, बेळगाव या बाजूंची कितीतरी मराठी कुटुंबे नोकरीच्या निमित्ताने तेथे राहत आहेत. 1 ऑगस्ट 2024 रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळविले, तेव्हा कोल्हापूरइतकाच आनंद अशा दूरच्या मराठी घरांतही झाला असेल. अशा यशानंतर तरुणांच्या मनात नेमबाजीची ओढ निर्माण होते, आणि ओढीच्या पाठोपाठ साधनांचा मोह येतो. एखादा व्हाइटफील्डचा होतकरू नेमबाज परदेशी कंपन्यांच्या जाहिराती वाचतो आणि ‘फ्री-फ्लोट हँडगार्ड’ नावाचा भाग बसविला की नेम सुधारतो, अशी त्याची समजूत होते. या समजुतीत सत्य किती आणि भ्रम किती, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

रायफलीची नळी तापते. म्हणून पुढचा हात जेथे धरावयाचा तेथे नळीभोवती एक आवरण असते. त्यालाच हँडगार्ड म्हणतात. जुन्या रायफलींत ते लाकडाचे असे, पुढे प्लॅस्टिकचे आणि अ‍ॅल्युमिनियमचे आले. पुष्कळ लष्करी रायफलींत हे आवरण मागे रायफलीच्या मुख्य अंगाला आणि पुढे प्रत्यक्ष नळीला टेकलेले असते. साहजिकच हाताचा दाब, वाळूच्या पिशवीचा टेका किंवा दंडाला आवळलेल्या पट्ट्याची ओढ, यांपैकी जे काही त्या आवरणावर येईल ते नळीवरही येते. फ्री-फ्लोट रचनेत ते केवळ मागच्या बाजूस घट्ट बसविलेले असते. पुढे त्याचा नळीला कोठेही स्पर्श होत नाही. नळी त्याच्या पोकळीत मोकळी राहते.

एवढ्याशा स्पर्शाने काय बिघडते, असे कोणी विचारील. देवळातील घंटा एका कडीला टांगलेली असते. तिच्या काठाला बोट लावून टोल दिला तर नाद तत्काळ बदलतो. गोळी सुटताना नळीही अशीच थरारते. तो थरार प्रत्येक वेळी सारखा असेल, तर गोळ्याही एकाच जागी पडतात. पण एकदा हात अधिक दाबला गेला आणि एकदा कमी, तर थरार बदलतो आणि नळी किंचित वाकतेही. हे ‘किंचित’ किती, याचा हिशेब सोपा आहे. पन्नास मीटरच्या स्पर्धेत दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास 10.4 मिलिमीटर असतो. गोळी मध्यापासून पाच मिलिमीटर सरकली तर दहाव्या वर्तुळाची कड जवळ येते. पासष्ट सेंटिमीटर लांबीच्या नळीचे तोंड आपल्या जागेवरून 0.065 मिलिमीटर कलले, तरी पन्नास मीटरवर हे पाच मिलिमीटर भरतात. माणसाच्या डोक्याचा केससुद्धा साधारण तेवढाच जाड असतो.

कुसाळे ज्या स्पर्धेत उतरला, तिच्यातच या गोष्टीची खरी कसोटी आहे. त्या स्पर्धेत गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून असे तीन प्रकारे नेम धरावा लागतो. पहिल्या दोन प्रकारांत दंडाला पट्टा आवळून रायफल स्थिर करता येते. उभे राहिल्यावर पट्टा वापरण्यास मुभा नाही. म्हणजे एकच रायफल दोन प्रकारांत ओढली जाते आणि तिसऱ्यात मोकळी असते. ही ओढ नळीपर्यंत पोचत असती, तर उभे राहताच गोळ्यांची जागा बदलली असती. म्हणून स्पर्धेच्या रायफलींत पट्ट्याची कडी दस्त्याच्या पुढच्या भागात असते आणि नळी त्या भागापासून अलग राखलेली असते. कुसाळेच्या अंतिम फेरीतील 451.4 गुणांमागे वर्षानुवर्षांची साधना होती, हे उघडच आहे. परंतु साधनेचे फळ लक्ष्यापर्यंत जसेच्या तसे पोचविण्याचे काम रायफलीने करावयाचे असते. 2010 साली म्युनिक येथे पालथे पडून नेम धरण्याच्या प्रकारात जगज्जेतेपद मिळविणारी तेजस्विनी सावंत हीही कोल्हापूरचीच. तिच्या प्रकारात तर पट्टा अखेरपर्यंत आवळलेला असतो.

नळीला स्पर्श म्हणजे दोषच, असे मात्र समजू नये. ईशापूरच्या कारखान्यात तयार होणाऱ्या जुन्या ली-एन्फील्ड रायफलीत नळी मोकळी नसे. लाकडाच्या पुढील भागात बसविलेली स्प्रिंगची एक लहान खीळ तिला खालून सतत वर रेटीत असे. दाब नेहमी सारखा राहिला तर नेमही सारखा राहतो, हे तत्त्व त्यामागे होते. पण लाकूड हा ऋतूंचा गुलाम. सह्याद्रीच्या पावसाळ्यात ते फुगावे आणि वैशाखात आक्रसावे; मग सारखेपणा राहावा कसा? यापेक्षा स्पर्शच नको, हा उपाय अधिक खात्रीचा ठरला.

आता निवडीकडे वळू. प्रथम कायदा पाहिला पाहिजे. 1959 च्या शस्त्र अधिनियमात शस्त्राच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. ते परदेशांतून मागविण्यास परवाना लागतो, आणि शस्त्राची दुरुस्ती किंवा त्यात बदल करण्याचा व्यवसायही परवान्यावाचून करता येत नाही. ज्या स्वयंचलित व अर्धस्वयंचलित लष्करी रायफलींसाठी हे हँडगार्ड मुख्यतः बनतात, त्या सामान्य नागरिकाला बाळगता येत नाहीत. तेव्हा हा भाग निवडण्याचा खरा प्रश्न सैन्य व पोलिस दलांतील आर्मोररपुढे असतो. क्रीडा-नेमबाजाला त्यातले तत्त्व कळले म्हणजे पुरे; त्याच्या रायफलीत ते बहुधा आधीच उतरलेले असते.

आर्मोररने पाहावयाच्या गोष्टी चार. पहिली, आवरण आपल्याच रायफलीच्या मापाचे आहे की नाही. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या रायफलींचे आटे वेगळे असू शकतात. दुसरी, लांबी. लांब आवरणावर हाताला जागा अधिक मिळते, पण तोंडाकडचे वजन वाढते आणि उभ्याने नेम धरणाऱ्याचा हात लवकर थकतो. तिसरी, ताठपणा. पुढची माशी किंवा प्रकाशझोत टाकणारे उपकरण आवरणावर बसवावयाचे असेल आणि आवरणच दाबाने वाकत असेल, तर नळी जागेवर राहूनही नेम चुकतो. चौथी, उष्णता. लागोपाठ गोळ्या झाडल्यावर धातूचे आवरण हाताला चटका देते. त्याला हवा खेळण्यापुरत्या खाचा हव्यात. या चारांत रंग आणि दिमाख यांना स्थान नाही.

बसविण्याचे काम धीराचे आहे. काडतुसे खोलीबाहेर ठेवावीत, आणि रायफल रिकामी असल्याची खात्री एकाने करून दुसऱ्याने पुन्हा करावी. रायफलीचे अंग शिकंजात धरताना त्याला साजेसा ठोकळा वापरावा. नुसत्या जबड्यांत आवळल्यास ते चेपते. जुने आवरण आणि नळीचा नट काढल्यावर आटे स्वच्छ करून त्यांना वंगण लावावे. नवा नट एकदम शेवटपर्यंत आवळू नये. आवळावा, सैल करावा, पुन्हा आवळावा, म्हणजे आटे एकमेकांत नीट बसतात. पीळ किती द्यावा हे उत्पादकाने सांगितलेले असते आणि ते टॉर्क-पान्यानेच मोजावे. ज्या रायफलींत गॅसची बारीक नळी नटाच्या खाचेतून जाते, तेथे खाच जुळत नाही म्हणून पाना रेटण्याचा मोह आवरावा. पातळ चकत्या घालून ती जुळविता येते. मग आवरण चढवून ते वरच्या पट्टीशी सरळ रेषेत आहे की नाही हे पाहावे आणि त्याचे स्क्रू पक्के करावेत.

शेवटी दोन परीक्षा. पहिली घरगुती: कागदाची एक पट्टी नळी आणि आवरण यांच्या फटीतून सरकवावी. ती मागपर्यंत कोठेही न अडकता गेली पाहिजे. स्पर्धेच्या रायफलीचा दस्ताही याच रीतीने तपासता येतो. दुसरी परीक्षा चांदमारीच्या मैदानावर: रायफलीचा नेम नव्याने जुळवावा, मग पाच गोळ्या सैल पट्ट्याने आणि पाच आवळलेल्या पट्ट्याने झाडाव्यात. दोन्ही पुंजक्यांचे मध्य एकाच जागी पडले, तर काम साधले. ते दूर पडले, तर कोठेतरी स्पर्श किंवा ढिलाई शिल्लक असावी, असा संशय घ्यावा.

फ्री-फ्लोट रचनेचे मर्म एका वाक्यात सांगता येते: पुढे मोकळीक हवी असेल तर मागे पकड पक्की हवी. नट सैल असेल, तर मोकळी नळी ही नुसतीच डुगडुगणारी नळी होते. आणि व्हाइटफील्डच्या त्या तरुणाला जे विकत घ्यावेसे वाटते, ते या भागात मुळात नाहीच. हँडगार्ड नेम देत नाही. हाताने केलेली चूक नळीपर्यंत जाऊ नये, एवढीच ते व्यवस्था करते. श्वास, चाप आणि नजर यांच्या चुका तशाच उरतात, आणि त्यांवर सरावावाचून औषध नाही. पुढच्या खेपेस एखादी रायफलस्पर्धा पाहावयास मिळाली, तर नेमबाजाच्या पुढच्या हाताजवळ नीट पाहावे. नळी आणि दस्ता यांच्यामध्ये एक बारीकशी फट दिसेल. त्या रिकाम्या जागेसाठी आर्मोररने किती काळजी घेतली असेल, हे मग ध्यानात येईल.