कडू कोण, तिखट कोण?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



जेवणाच्या आधी बोलायला उभं केलंत, म्हणजे थोडक्यात आटपायचं हे समजलो. कोणी ठाण्याहून आलंय, कोणी कल्याणहून, कोणी अजून डोंबिवलीतच आहे. पण फोडणी सगळ्यांच्याच घरी होते. म्हणून मसाल्यांवरच बोलतो.

जीवशास्त्राच्या पुस्तकातली जिभेची आकृती आठवते? टोकाला गोड, कडेला आंबट, मागे कडू. ती आता बाद झाली. स्वादकलिका जिथे आहेत तिथे सगळ्याच चवी कळतात. फरक आहे तो ग्राहींमध्ये, म्हणजे रिसेप्टरमध्ये. गोडाला मुख्यतः एक जोडी पुरते. कडूसाठी मात्र सुमारे २५ प्रकार आहेत. वनस्पतींमधली विषं नाना तऱ्हेची आणि बरीचशी कडू, म्हणून पहाराही मोठा. हे ग्राही २००० साली सापडले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०४ कडू संयुगं तपासली, तर जवळपास निम्मी फक्त तीन ग्राहींनी ओळखली. म्हणजे सोसायटीच्या गेटवरचे काही वॉचमन येणाऱ्या प्रत्येकाला हटकतात, तर काही एकाच चोराचा फोटो घेऊन बसलेले असतात.

मेथीदाणा या गेटवर अडतो. तिच्या कडूपणात सॅपोनिन वर्गाच्या संयुगांचा मोठा वाटा आहे. मिरची मात्र या गेटने येतच नाही. तिच्यातलं कॅप्सायसिन उष्णता आणि वेदना कळवणाऱ्या चेतातंतूंना चेतवतं. मिरीतलं पायपरीनही तेच करतं. तो ग्राही डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ मध्ये शोधला. २०२१च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. म्हणजे तिखट ही चव नव्हे, ती जळजळ. गंमत अशी, की आयुर्वेदात 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. आपला 'कडू' शब्द त्या 'कटु'वरूनच आला आणि अर्थ बदलून बसला!

आता घरातली गोष्ट. १९३१ साली आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एक पूड हवेत उडाली. सहकाऱ्याला ती कडूजहर लागली, फॉक्सना काहीच कळलं नाही. तो फरक जन्मजात असतो, आणि तो ठरवणारं मुख्य जनुक २००३ मध्ये सापडलं. त्याच जनुकाचा ग्राही कोबी आणि मोहरीच्या कुळातली काही कडू संयुगं ओळखतो. तेव्हा नातवानं कोबी बाजूला सारला तर लगेच "नखरे करतो" म्हणू नका. त्याच्या जिभेला तो खरोखरच तुमच्यापेक्षा कडू लागत असेल.

आणि आता आपल्याविषयी. आपण साठी ओलांडली. वयानुसार वास आणि चव मंदावतात, काही औषधांनीही तोंडाची चव बदलते. मग हात मिठाकडे जातो. मीठ कडूपणा दाबतं, हे प्रयोगांनी सिद्ध झालेलं आहे. पाडव्याच्या कडुनिंबाच्या चटणीत गुळाबरोबर चिमूटभर मीठ असतं, ते उगाच नाही. पण इथे निम्म्या जणांच्या खिशात बीपीची गोळी आहे. तेव्हा भाजी बेचव लागली तर लिंबू पिळा, जिरं, ओवा, हिंग वाढवा, मीठ नको. चव अचानक गेली किंवा बदलली, तर डॉक्टरांना सांगा.

शेवटचं, आणि हे मनापासून सांगतो. आपल्या ग्रुपवर कारल्याच्या आणि मेथीच्या रसाचे मेसेज रोज फिरतात. रस आवडत असेल तर डॉक्टरांना विचारून जरूर घ्या, पण मधुमेहाची गोळी परस्पर बंद करू नका. कडू लागलं म्हणजे एक ग्राही जागा झाला, एवढंच. रक्तातली साखर उतरली की नाही, ते जीभ सांगत नाही. ते तपासणीच सांगते.

डोंबिवलीत १९९९ मध्ये सुरू झालेल्या पाडव्याच्या स्वागतयात्रेत आपल्यापैकी बरेच जण अजून चालतात. पुढच्या मेळाव्यापर्यंत असंच सगळ्यांनी चालत राहावं, एवढंच मागणं. चला, पानं वाढली आहेत.